मातीतील सूक्ष्म प्लास्टिक आणि श्रावकाची जयणा



जैन दर्शनाने मातीला निर्जीव मानलेले नाही. पृथ्वीकाय हे एकेंद्रिय जीवांचेच रूप, आणि तीत वावरणारे गांडूळ हा द्वींद्रिय जीव. नांगराच्या फाळाखाली येणाऱ्या जीवांचा विचार पूर्वाचार्यांनी केला. फाळ न चालविताही मातीला पीडा देणारी वस्तू मात्र त्यांच्या काळी नव्हती.

पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांस सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. २००४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी समुद्रातील अशा कणांकडे जगाचे लक्ष वेधले. शेतजमिनीची आठवण पुष्कळ उशिरा झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्र व कर्नाटकातील, प्लास्टिकचे आच्छादन अंथरलेल्या शेतांच्या मातीत हे कण आढळले.

लोधिवलीच्या भातखाचरांत असे आच्छादन अंथरीत नाहीत, म्हणून ती सुरक्षित ठरत नाहीत. येथील वाट उकिरड्यातून जाते. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, गुटख्याची पुडी घरच्या केराबरोबर शेणात मिसळते आणि शेणखतातून खाचरात उतरते. राब भाजताना त्यातील काही जळून विषारी धूर होतो. उरलेले उन्हाने ठिसूळ होऊन तुकड्याचे तुकडे होत जाते. मुंबई-पुणे महामार्गावरील टायरांची झीजही याच जातीची.

वस्त्रांचा वाटाही विसरता येत नाही. पाताळगंगेच्या परिसरात १९८२ पासून पॉलिएस्टरचा धागा निघू लागला. या धाग्याने गरिबाला टिकाऊ वस्त्र दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तेच वस्त्र धुताना सुटणारे तंतू सांडपाण्यातून ओढ्यात आणि पाटाच्या पाण्याबरोबर शेतात जातात. बर्लिनच्या संशोधकांना २०१८ साली अशा तंतूंमुळे मातीची घडण व पाणी धरण्याची शक्ती बदललेली दिसली. त्याआधी, २०१६ मध्ये, नेदरलँड्समधील प्रयोगात पॉलिथिन मिसळलेला पालापाचोळा खाणाऱ्या गांडुळांची वाढ खुंटली, काही मेली. प्रयोगातील प्रमाण शेतातल्यापेक्षा बरेच अधिक होते, हेही सांगितले पाहिजे. भीती घालून धर्म होत नाही.

साधूंना पाचव्या समितीत वस्तू निर्जीव जागी, पाहून परठवण्याची आज्ञा आहे. श्रावकाला अनर्थदंड-विरमण व्रत आहे. या दोहोंच्या कसोटीला प्रभावनेची प्लास्टिक पुडी उतरत नाही. स्वामीवात्सल्यासाठी स्टीलच्या थाळ्या भाड्याने मिळतात. प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या कागदी पत्रावळीवर थाळी धुऊन पिण्याची जुनी रीत पाळताही येत नाही.