उपास, रोजा आणि शुगरची गोळी

2019 चा रमजान मे महिन्यात आला होता. नागपूरचा मे तुम्हाला काय सांगावा! दुपारी चारच्या सुमारास भाईजान एकाएकी घामाघूम झाले, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. घरचे म्हणाले, ऊन लागलं, कांदा आणा. शेजारच्या काकूंनी मात्र ओळखलं आणि साखरेचं पाणी पाजलं. रोजा मोडला, पण भाईजान भानावर आले. या गोळ्यांनी उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून लगेच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "सहरीला गोळी कोणती घेतली?" आम्ही म्हणालो, "शुगरची."

पण शुगरच्या गोळ्या एका जातीच्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, याची चौकशी त्या करीत नाहीत. स्वस्त आणि गुणकारी, पण जेवण चुकलं की धोका. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं. एकटं घेतलं तर साखर सहसा फार उतरत नाही. सुरुवातीला पोट बिघडवतं, आणि मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या मुख्यतः जेवणानंतर साखर वाढते तेव्हा काम करतात. एम्पाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढतं. हृदयाला, मूत्रपिंडाला त्याचा आधार होतो, पण आमच्या उन्हाळ्यात पाण्याविना राहिलं तर अंगातलं पाणी आटतं. या दोन्ही महाग होत्या; पेटंट 2022 आणि 2025 मध्ये संपल्यावर पुष्कळ स्वस्त झाल्या.

भाईजान ठासून सांगत होते, "मी मेटफॉर्मिनच घेतो." खोटं नव्हतं. एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, असं जोडपं होतं. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं, आम्ही वाचलंच नव्हतं. घरात कवी असून!

हे केवळ रोजेदारांचं नाही. हरतालिका, नवरात्र करणाऱ्या कित्येकींच्या डब्यातही हीच गोळी असते. आजाऱ्याला रोज्याची सूट धर्मानेच दिली आहे. तरीही ज्यांना उपास धरायचाच आहे, त्यांनी महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. ते मात्रा बदलतात, वेळ बदलतात, कधी गोळीच बदलतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

भाईजानना डॉक्टरांनी रोजे नकोच म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर रमजानला, प्रत्येक रोज्याबदली ते एका गरिबाला जेवू घालतात. आणि नवं पाकीट आलं की आधी चष्मा मागतात.