काढलेली गाठ कुठे जाते?



१९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच सावली गावात भरलं, गांधीजी इथं राहिले, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दलही बोलणार नाही. मी माईकपाशी आलो तेव्हा पहिल्या दोन रांगांतल्या खर्ऱ्याच्या पन्न्या भराभर खिशात गेल्या, तेवढं पुरे. (हशा)

खर्ऱ्याने कॅन्सर होतो हे आता पोरासोरांना ठाऊक आहे. त्याचा एक उलटा परिणाम मात्र होतो. गाल जरा सुजला की माणूस घाबरून घरात बसतो, कुणाला दाखवत नाही. पण जबड्यातल्या कितीतरी गाठी कॅन्सरच्या नसतात. न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती पाण्याची पिशवी धरते. मेलेल्या दाताच्या मुळाशी धरते. दुखत नाही, हळूहळू हाड आतून पोखरलं जातं, आणि शेवटी बोटाने दाबलं की अंड्याच्या कवचासारखं कुरकुरतं.

मग काय करायचं? पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी. त्यानंतर सुई. सुईतून पिवळसर पाणी आलं तर पिशवी; जोरात रक्त आलं तर थांबायचं, तो रक्तवाहिन्यांचा गुच्छ असू शकतो, तिथं चाकू लावला तर रुग्ण टेबलावरच जायचा. साधी पिशवी सोलून काढता येते. फार मोठी असेल तर तोंडात खिडकी ठेवून आधी आकसू द्यायची. पार्च नावाच्या जर्मन सर्जनने हे १८९२ सालीच सांगून ठेवलंय.

आता माझा हट्ट. काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मालीनच्या बाटलीत घालून तपासायला गेलाच पाहिजे. प्रत्येक! कारण अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ एक्स-रेत कधीकधी हुबेहूब साध्या पिशवीसारखी दिसते. ती नुसती खरवडली तर बहुधा परत येते. नेहमीच्या प्रकारात आजूबाजूचं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर निरोगी हाडही काढावं लागतं, कधी पायाचं हाड आणून जबडा पुन्हा उभा करावा लागतो. ती कोणती गाठ आहे हे सांगतो सूक्ष्मदर्शक, सर्जनची नजर नव्हे.

यावर एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांची. १८९३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूला गाठ आली. माणूस तंबाखूचा शौकीन. (हशा) देशात आर्थिक घबराट, बातमी फुटली तर बाजार कोसळेल, म्हणून १ जुलैला 'ओनायडा' नावाच्या खासगी नौकेवर गुपचूप शस्त्रक्रिया झाली. डाव्या वरच्या जबड्याचा भाग तोंडातूनच काढला, चेहऱ्यावर ओरखडा नाही, मिशी शाबूत! भोक बुजवायला रबरी कवळी केली. एका वार्ताहराने ऑगस्टात सगळं छापलं, तर त्यालाच खोटं ठरवलं. खरं बाहेर आलं १९१७ साली, शस्त्रक्रियेतल्याच डॉक्टर कीन यांच्या लेखातून. तोवर राष्ट्राध्यक्ष जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तेही या गाठीने नव्हे. पुढे पन्नासेक वर्षं तज्ज्ञांत वाद: अमेलोब्लास्टोमा, लाळग्रंथीची गाठ, की आणखी काही? पण तुकडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपलेला होता! तो पुन्हा तपासला आणि १९८० साली निदान छापून आलं: व्हेरुकस कार्सिनोमा, सावकाश वाढणारा कॅन्सर. या रोगाचं वर्णनच १९४८ साली अॅकरमन यांनी केलं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी जो आजार पुस्तकात नव्हता, तो बाटलीतल्या तुकड्याने—

आयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. आणि सायनसबद्दल सांगायचं तर राहिलंच!

मागून आमचे एक डॉक्टरमित्र विचारतायत, प्रत्येक पिशवी पाठवायची तर गरिबाने खर्च कुठून आणायचा? हाव जी, प्रश्न रास्त आहे. पण परत आलेल्या गाठीसाठी अर्धा जबडा काढायचा खर्च त्याच गरिबाच्या डोक्यावर बसतो. चंद्रपूरला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पाठवायला जागा नाही असं म्हणू नका. थोडा चिडून बोललो, माफ करा.

सायनस घाईत सांगतो. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीला, म्हणजे सायनसला, लागूनच असतात, म्हणून कुजलेल्या दाढेचा पू सायनसमध्ये शिरतो. नाकाची औषधं कितीही घ्या, दाढ बघितल्याशिवाय उतार नाही. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढलं तर बहुधा अॅलर्जी किंवा जुनी सूज. एकाच नाकपुडीत वाढलं, तर सीटी स्कॅन आणि तुकडा, दोन्ही हवेत. ते मांस म्हणजे इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाचा प्रकार असू शकतो. आता तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून निघतो, पण मुळासकट निघाला नाही तर परत येतो, आणि काहींमध्ये कॅन्सरही होतो.

तेव्हा शस्त्रक्रियेला जाताना डॉक्टरांना विचारा, 'काढलेलं तपासायला पाठवणार ना?' विचारायला लाजू नका. आणि आलेला रिपोर्ट रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनीही परत येतो, तेव्हा पुढच्या डॉक्टरला तोच कागद लागतो.