विमानाचा भरवसा, रॉकेटची झेप

बोइंग ७४७ विमानात सुमारे ६० लाख सुटे भाग असतात. तरीही आपण निर्धास्त बसतो, कारण विमानाला चूक सावरायला वाव असतो. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तरी वैमानिक जवळच्या विमानतळावर उतरू शकतो. पण असा वाव ठेवायचा तर जादा वजन लागतं, आणि रॉकेटला त्याची मुभा फारच थोडी.

फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच सुखरूप उतरला. पुढे एक टप्पा तर ३० हून अधिक वेळा उडाला, खरोखर थक्क करणारी गोष्ट! पण दुसरा टप्पा दर वेळी नवा आणि एकाच इंजिनाचा. जुलै २०२४ मध्ये तिथेच द्रव ऑक्सिजनची गळती झाली आणि मोहीम फसली.

स्पेस शटल या अंतराळयानाच्या १३५ मोहिमांत दोन यानं गेली, १४ अंतराळवीर गमावले. प्रवासी विमान मात्र आयुष्यात हजारो उड्डाणं करतं.