पीएचडीची मुलाखत टेकडीवर घ्या



भूशास्त्राची परिषद दिघीत भरावी, याचा मला मनापासून आनंद आहे. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, मध्ये दिघीची टेकडी आणि पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सह्याद्रीतल्या लाव्हाथरांच्या एका शैलसंघाला इंद्रायणीचंच नाव दिलं आहे.

अध्यक्षाने शास्त्रातल्या मोठ्या प्रश्नांवर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र पीएचडीच्या प्रवेशावर आणि पदवीच्या अटींवर बोलणार आहे. महाराष्ट्रातले मोठे प्रश्न पुढे कोण हाताळणार, हे या अटी ठरवतात.

आधी नियम पाहू, कारण त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांत गैरसमज फार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे आजचे नियम नोव्हेंबर २०२२चे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि आर्थिक दुर्बलांना ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली असेल, तर एमएस्सीशिवायही दार उघडतं. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली, तर तिला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के. २०२४पासून नेटचे गुणही पीएचडी प्रवेशाला चालतात आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती न मिळालेल्यांसाठी तिथेही हिशेब सत्तर-तीसचाच. प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यावर दोन वर्षांची वाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे काम मांडायचं, शेवटी बाहेरचे किमान दोन परीक्षक आणि तोंडी परीक्षा.

नियम वाईट नाहीत. पण या सत्तर-तीसमध्ये दगड कुठे आहे?

सीएसआयआर-नेटचा आपल्या विषयाचा पेपर तीन तासांचा, संगणकावर. त्यात खडक आहेत, समुद्र आहे, वातावरण आहे, ग्रहसुद्धा आहेत. पेपर चांगला आहे, तो कठीण असायलाच हवा. पण तो उत्तम सोडवलेला मुलगा रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरापुढे उभा राहिल्यावर एक लाव्हाप्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे सांगू शकेल, याची खात्री त्या गुणांतून मिळत नाही. प्रवाहाच्या तळाशी नळीसारखी बारीक छिद्रं असतात, मधला भाग घट्ट आणि काळा, माथ्याकडे गोल छिद्रं आणि त्यांत भरलेलं पांढरं झिओलाइट. त्याच्यावर पुष्कळदा विटेच्या रंगाचा लाल थर. हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. साडेसहा इंची बोअर घेणारा कामगार हे दाखवतो. भुकटीचा रंग काळ्यावरून तांबड्यावर गेला की तो मशीनचा आवाज ऐकत थांबतो. थर बदलला हे त्याला कळलेलं असतं. त्याच्याकडे पदवी नाही, पण निरीक्षणाची जी शिस्त आपण प्रबंधात मागतो, ती त्याच्याकडे आहे.

म्हणून माझी पहिली मागणी नियम बदलण्याची नाही. मुलाखतीचे तीस टक्के नियमातच आपल्या हातात आहेत. ती मुलाखत वातानुकूलित खोलीत न घेता टेकडीवर घ्या. उमेदवाराच्या हाती हातोडी, भिंग आणि ४७ एफ/१४ हा नकाशा द्या, दिघी त्यातच आहे. दोन तासांत त्याने काय पाहिलं, ते वहीत लिहून घ्या. कोर्सवर्कच्या बारा क्रेडिटमधली चार तरी प्रत्यक्ष नकाशा करण्याला द्या.

पुण्याच्या परिसराने असं संशोधन पाहिलेलं आहे. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी १९७०मध्ये पुणे विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या प्लाइस्टोसीन काळाच्या उत्तरार्धावर होता. सगळे ज्या नदीवरच्या पुलांवरून रोज जात होते, तिच्या काठाच्या गाळात आणि गोट्यांत त्यांनी जुन्या हवामानाचा इतिहास शोधला. प्रबंधाचा विषय दूरच असावा लागत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात जमिनीखालच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जातं, आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तेव्हा काठच्या विहिरींत काय उतरतं, हे पीएचडीचे भक्कम विषय आहेत.

दुसरी गोष्ट नोकरी करणाऱ्यांची. २०२२च्या नियमांनी अर्धवेळ पीएचडीला स्पष्ट मान्यता दिली. मालकाचं किंवा खात्याचं ना हरकत पत्र लागतं आणि कोर्सवर्कपुरती मोकळीक द्यावी लागते, एवढंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत, खाणींवर, बोगद्यांच्या कामावर आज जे भूवैज्ञानिक आहेत, त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी पडून आहेत. शिष्यवृत्तीवरच्या नव्या विद्यार्थ्याला तेवढ्या नोंदी जमवायला मुदत पुरणार नाही. अशा लोकांना 'तुम्हाला वेळ मिळणार नाही' म्हणून परत पाठवणं हे आपल्या शास्त्राचंच नुकसान आहे.

प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती आता आयोगाने काढली, ते योग्यच झालं. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांना त्या सक्तीने मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. पण सक्ती गेली म्हणून प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढवून विसरून जाण्याची मोकळीक मिळालेली नाही.

प्रबंध कोणासाठी असतो, ते विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. माळीण ३० जुलै २०१४ला डोंगराखाली गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. उतार, माती आणि पाणी यांचा अभ्यास करणारा प्रत्येक प्रबंध त्या उताराखाली राहणाऱ्या माणसाचा आहे, आणि तो इंग्रजीत लिहिलेला असतो. म्हणून प्रत्येक प्रबंधाला दहा पानांचा मराठी गोषवारा जोडावा, नकाशासह, आणि त्याची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्यावी. यासाठी दिल्लीहून परवानगी आणावी लागत नाही.

इथे बसलेल्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. येत्या प्रवेशाला त्यांतली एक जागा नोकरी करणाऱ्या भूवैज्ञानिकासाठी ठेवा आणि मुलाखतीचं पत्र पाठवताना त्यावर पत्ता टेकडीचा लिहा.