हरिश्चंद्र इतका घाईत का?

(धरमपेठ, नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘स्क्रीन आणि डोळा’ असा छापलाय. पण मी शेवटी दादासाहेब फाळक्यांवरच येणार, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. (हशा) मग तिथूनच सुरू करतो.

डोळ्यापुढचं चित्र क्षणभर टिकतं ते दृष्टिसातत्य शाळेत झालंय, ते सोडू. फाळक्यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईत कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. लांबी ३७०० फूट. कालावधी मात्र बहुतेक ठिकाणी ४० मिनिटं लिहिलेला सापडतो. कसा? ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम. सेकंदाला २४ धरल्या की ४१ मिनिटं होतात. पण २४ हा बोलपटाचा दर, राजेहो! मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरायचा. हँडलच्या एका फेरीत आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेऱ्या, म्हणजे १६. मग सिनेमा तासाभराचा होतो. वीस मिनिटं आपण खाल्ली!

हो, हो, मागच्या रांगेतले इंजिनीअरसाहेब, हात कमीजास्त व्हायचा, मान्य. दाखवणाराही मर्जीनं पळवायचा. तरी २४ कुठून आणता?

मग १६ला लुकलुक जाणवत नसे? जाणवायची ना! म्हणून प्रोजेक्टरच्या झडपेला तीन पाती. प्रत्येक फ्रेम तीनदा पडद्यावर, झाले ४८. पुढे २४ला दोन पाती पुरली, पुन्हा ४८च. हालचालीच्या बाबतीत डोळा थोडक्यात समाधान मानतो, लुकलुकीला मात्र खवट आहे. त्यातही डोळ्याचा मध्य नव्हे, कडा. जुना डबा टीव्ही समोरून ठीक दिसे, कडेनं पाहिला की थरथरायचा. त्याचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळायचा. आपली वीजही ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि तिच्या उजेडात पंखा कधी उलटा फिरल्यासारखा वाटतो. अहो, सगळे वर काय बघताय? इथले चोक इलेक्ट्रॉनिक आहेत! (हशा) काकू, तुम्ही तरी खाली बघा, मान दुखेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. कूलरच्या आवाजात मला वाटलं अजून बराच वेळ आहे.

नातवंडांचा १२० हर्ट्झचा फोन: बोट सरकवताना फरक दिसतो, उगाच नाकारू नका. सिनेमाला त्याचा फायदा असा की १२०ला २४नं पूर्ण भाग जातो. ६०ला जात नाही. तिथे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि चित्र किंचित अडखळतं.

सिनेमाचा हा २४चा दर पक्का केला तो आवाजानं. वेग हलला की गाणारा बेसूर होणार! १९३२ला प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तोही हरिश्चंद्रच. त्याला घाई नाही.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. ती १९१३च्या मूळ सिनेमाची की फाळक्यांनी १९१७ला पुन्हा काढलेल्या सिनेमाची, हा वाद आहे. हरिश्चंद्राची राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके. पुरुष म्हणून हसायचं तर हसा, पण तुरुतुरु चालतात म्हणून हसू नका. ते तसे चालत नव्हते, आपण त्यांना पळवतो.

घरी यूट्यूबवर मूकपट धावताना दिसला, तर सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ करा. २४चे १८ होतात. माझं १६ नाही, पण चालेल.