वजाबाकीतून लागलेला शोध

विषाणू रक्तात असतो तोवर प्रतिपिंडे त्याला गाठू शकतात. परंतु तो पेशीच्या आत जाऊन बसला, की तेथे त्यांचा हात पोहोचत नाही. अशी बाधित पेशी हुडकून तिचा नाश करण्याचे काम टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी करतात. आपले कोण आणि परके कोण, हे त्या ओळखतात तरी कशाच्या बळावर?

या ओळखीचे साधन, म्हणजेच टी-पेशीचा रिसेप्टर, हाती लागणे अवघड होते. प्रतिपिंडे रक्तद्रवात विपुल मिळतात. हा रिसेप्टर मात्र पेशीच्या आवरणात रुतलेला आणि प्रमाणाने अल्प. तेव्हा काही संशोधकांनी तो घडविणाऱ्या जनुकाचाच माग काढण्याचे ठरविले.

त्यांची युक्ती साध्या वजाबाकीची होती. टी-पेशी आणि प्रतिपिंडे निर्माण करणारी बी-पेशी या जणू सख्ख्या बहिणी. दोघींत जागृत असलेली बहुतेक जनुके सारखीच. तेव्हा सारखे तेवढे वगळावे. उरेल त्यात इष्ट जनुक सापडेल. अमेरिकेत मार्क डेव्हिस आणि स्टीफन हेड्रिक यांनी उंदराच्या पेशी घेतल्या. कॅनडात टोरोंटो येथे टाक माक यांच्या गटाने ल्युकेमियाग्रस्त माणसाच्या टी-पेशी घेतल्या. निवडलेल्या जनुकाच्या प्रती जीवाणूंत वाढवून, म्हणजेच क्लोनिंग करून, त्यांनी त्याची अक्षरे वाचली. ती प्रतिपिंडांच्या जनुकांशी मिळतीजुळती निघाली. दोन्ही गटांचे निबंध ८ मार्च १९८४ च्या ‘नेचर’मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले.

या जनुकाची मौज अशी, की ते जन्मतः अखंड नसते. टी-पेशी थायमस ग्रंथीत वाढत असताना त्याचे सुटे तुकडे निवडून सांधले जातात. सांधा जुळताना काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात. म्हणूनच थोड्या तुकड्यांतून कोट्यवधी निरनिराळे रिसेप्टर निर्माण होतात.

हाच सांधा पुढे रुग्णांच्या उपयोगी पडला. टी-पेशींच्या ल्युकेमियात रोगट पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या असतात. त्यामुळे त्यांचा सांधाही सामान्यतः एकच असतो. उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली, तर सूक्ष्मदर्शकाला ती निश्चितपणे ओळखता येत नाही. परंतु तिचा सांधा तिला उघडे पाडतो. उपचार आहे तसाच चालू ठेवावा की अधिक कडक करावा, हा निर्णय वैद्य त्यावरून घेऊ शकतात. ज्या व्याधीच्या पेशींतून हे जनुक मिळाले, त्याच व्याधीचा माग ते आज काढीत आहे.