लहान होडी आणि मोठे नौदल

(अल सद्द, दोहा येथून चित्रसंवादाद्वारे दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



मी आज आपणांशी दोह्यातील अल सद्द या वस्तीतून बोलत आहे. जहाज-वाहतूक हा माझा व्यवसाय. म्हणून समुद्रमार्गे येणारा दहशतवाद आणि त्याचा नौदलांकडून होणारा प्रतिकार, हा विषय आपण मला दिला.

या विषयाच्या मुळाशी एक विषमता आहे. एका बाजूस कोट्यवधींची युद्धनौका, दुसऱ्या बाजूस एक क्षुद्र होडी. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात इंधन घेत असलेल्या ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी येऊन भिडली आणि १७ नौसैनिक प्राणास मुकले. तोफांची उणीव नव्हती; परंतु बंदरातील इतर होड्यांत शत्रूची होडी ओळखू आली नाही. येथे कतारमध्येही याची झळ लागली. तांबड्या समुद्रात हुथींचे स्वस्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रे जहाजांवर पडू लागली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये कतारने आपली युरोपकडे जाणारी द्रवरूप वायूची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पाठविण्यास आरंभ केला.

आता आपल्या कोकणाकडे वळू. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. १२ मार्च रोजी मुंबईत त्यांनी २५७ जणांचे बळी घेतले. पंधरा वर्षांनी कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळविली, तिचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांच्याकडून मुंबईपर्यंत मार्ग काढून घेतला व त्यांनाही ठार केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. तेथील काही रहिवाशांनी त्यांना हटकलेही होते. तेथून थोड्याच अंतरावर नरीमन हाऊस. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि चार पाहुणे तेथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या त्याच्या दाईने बाहेर काढले. हे आपणांस सांगावे लागत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की मारेकरी भारतीय मासेमारी बोटीच्या आडून आले.

त्यानंतर व्यवस्था बदलली. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त केंद्रे उभी राहिली. तेथे नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस व सीमाशुल्क विभाग यांची माहिती एकत्र येते. नौदलाच्या तळांचे रक्षण करण्यासाठी शीघ्रगती नौकांसह ‘सागर प्रहरी बल’ स्थापन झाले. किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली. वीस मीटरहून लांब बोटींना आपली ओळख व स्थान आपोआप कळविणारे यंत्र आवश्यक झाले. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. २०१८ अखेर गुरुग्राम येथे हिंदी महासागराच्या माहितीचे केंद्र सुरू झाले. मित्रदेशांचे संपर्क-अधिकारी तेथे भारतीय अधिकाऱ्यांसोबत काम करतात.

तरीही जाळ्यात भोके आहेतच. वीस मीटरहून आखूड होड्या असंख्य, आणि लाटांमध्ये रडारला लहान होडी सहज सापडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक निर्मनुष्य नौका आली. तिच्यात तीन ए.के.-४७ रायफली सापडल्या. चौकशीत कट निघाला नाही. ओमानजवळ ती बिघडली होती, माणसांची सुटका झाली होती, आणि सोडून दिलेली नौका पावसाळी समुद्रावरून वाहत आली होती. घातपात नव्हता, हे आपले भाग्य; पण शस्त्रे भरलेली नौका शेखाडीच्याच तालुक्यात कोणाच्या नजरेस न पडता किनाऱ्यापर्यंत पोहोचली, हे सत्य उरतेच.

म्हणून माझे मत असे, की नौदलाचे सर्वांत मोलाचे शस्त्र म्हणजे कोळीवाड्याचा विश्वास. आपल्या बंदरातील होडी कोणती आणि परकी कोणती, हे तांडेलाला लांबूनच कळते. परंतु त्याच तांडेलाला प्रत्येक फेरीत संशयित म्हणून थांबविले, तपासणीत त्याची भरतीची वेळ दवडली, तर तो पाहील सर्व काही आणि सांगणार काहीच नाही. मच्छीमार नगरात डोळे उघडे होते. त्या डोळ्यांनी पाहिलेले वेळेवर ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती. आज सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेत. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे आपली घरे, आपले शेजारी आहेत. त्यांना हे क्रमांक जरूर सांगा.

शेवटी एकच विचार. आपल्या परंपरेनुसार नौगावजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्यास लागल्या. ते अनोळखी होते, त्यांची भाषा परकी होती, तरी त्या किनाऱ्याने त्यांना थारा दिला. आपण सारे त्या आश्रयाची संतती आहोत. तेव्हा किनारा जागा असावा, ही मागणी आपण अवश्य करू. मात्र जागा राहताना तो निर्दय होऊ नये, हे म्हणण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला असेल?